साडेपाचची टेप

प्रिय फूटपट्टी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच बाजूला ठेवलंस, तर मला बोलायला तोंड नाही. सहा वर्षं मी तुला फोन केला नाही, वाढदिवसाला दोन ओळी पाठवल्या नाहीत. शेवटचं जे बोलले ते तुझ्या निरोपसमारंभात, माईक हातात घेऊन, सगळ्या ऑफिससमोर: मॅडम माझ्या शाळेतल्या मैत्रीण, मोठ्या प्रेमाच्या, म्हणून तर त्यांनी एका पदवीधर बाईला अकरा वर्षं टेप वाहायला लावली. लोक हसले. तूही हसलीस, पण खाली मान घालून, चष्मा पुसत. ते एक वाक्य आपल्या दोघींमध्ये आडवं पडलं ते पडलंच. आज ते मला उचलायचं आहे. उचललं जाईल का, ते तुझ्या हातात आहे.

आधी ऑफिसची बातमी सांगते, कारण सगळं तिच्यातूनच निघालं. आपली सर्व्हरची खोली बंद झाली. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून जिथे बसायचो, कानात सतत ती घरघर असायची, तिथे आता मेकॅनिक मंडळी डबे खातात. फरशीवर यंत्रांच्या पायांचे चौकोनी डाग तेवढे उरलेत, आणि खिडक्या उघड्या असतात, यावर तर तुझा विश्वासच बसणार नाही. कंपनीतल्या सगळ्या लिफ्टच्या नोंदी आता क्लाउडवर गेल्यात. म्हणजे कुठल्या तरी दूरच्या इमारतीतल्या यंत्रांवर, जी आपली नाहीत, जागा फक्त भाड्याची. आपला सगळ्यात जुना मेकॅनिक, तो गुरुजी, पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाला, ढगात ठेवताय खरे, पण तो बरसला दुसऱ्याच्या अंगणात तर? साहेबांसकट सगळे हसले.

पण तोच गुरुजी आता मोबाइल हातातून खाली ठेवत नाही. आठवतं ना, लिफ्ट अडकली की तो खालून फोन करायचा, आणि आपण शोधत बसायचो की मागच्या वेळी कुठला भाग बदलला होता? दुसऱ्या शाखेची लिफ्ट असेल तर त्यांची डिस्क शनिवारच्या कुरियरने येईपर्यंत सगळाच अंधार. वर माणसं अडकलेली, आणि आपण कागद चाळतोय. आता तो लिफ्टच्या दारात उभ्या उभ्या तिची जन्मापासूनची कुंडली बघतो. गेल्या महिन्यात एक गरोदर बाई सात मिनिटांत बाहेर आली. मी घड्याळ लावून बघितलं. अर्थात सगळंच गोड नाही. परवा बाहेरची केबल तुटली आणि दोन तास अख्खं ऑफिस चहा पीत बसलं. त्या दोन तासांत मी दोन लिफ्टचे भाग तोंडपाठ सांगितले, आणि दिवसभर जरा ताठ चालले. आपल्या जुन्या तिघींपैकी एकीला हे नवं शिकायचं नव्हतं, ती सोडून गेली. दुसरी मात्र आता मेकॅनिकांचे रिपोर्ट वाचून कुठली लिफ्ट बिघडणार ते आधीच सांगते, आणि तिला सगळे घाबरून असतात.

हे स्थलांतर करायला ज्या कंपनीने माणसं पाठवली, त्यांतली एक मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. मी तिला ढगवाली म्हणते. पहिल्या दिवशी तिने मला मावशी म्हटलं, दुसऱ्या दिवसापासून मॅडम, कोणीतरी समज दिली असावी. हलवण्याआधी तिला सगळ्या जुन्या नोंदी आणि नियमांचे कागद वाचायचे होते, कारण जागेचं भाडं पडतं, नको ते टाकून द्यायचं. तुझी ती जाड फाइल मीच तिला काढून दिली. दुपारी ती माझ्याकडे आली. म्हणाली, तुमचे मेकॅनिक सहानंतर परततात, दिवसाचं निम्मं काम साडेसातपर्यंत नोंदींत चढतं, मग त्या नोंदींच्या नकलेची, बॅकअपची टेप साडेपाचला बाहेर न्यायचा नियम कसा? म्हणजे रोज निम्मा दिवस वाऱ्यावर. अकरा वर्षं! हा नियम करणाऱ्यांना काम कळत नव्हतं का?

खरं सांगू? मला बरं वाटलं. तुझी चूक सापडली म्हणून. आयुष्यभर तू समास आखणार आणि माझ्या पेनातून शाई गळणार, कॉन्व्हेंटात चार रेघांच्या वहीत सिस्टर तुझं पान वर धरणार आणि माझं पान बघून उसासा टाकणार. आणि आता बघा म्हटलं. ती रात्रभर अहवाल लिहिणार होती, त्यात ही गंभीर त्रुटी म्हणून जाणार होती, तुझ्या हुद्द्यासकट. मी अडवलं नाही. एवढी मी वाईट वागले, हे तुला कळायला हवं.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, “मॅडम, मी चुकले. त्यांना काम पुरतं कळत होतं.” आणि तिने एक यादी उघडली. तू काहीच टाकून द्यायची नाहीस, प्रत्येक नव्या यंत्रावर जुन्या नोंदी चढवत गेलीस, म्हणून ती यादी उरली होती. रोज संध्याकाळी आठ वाजून पाच, आठ दहा, आठ सात, दुसरा बॅकअप. पूर्ण दिवसाचा. घेणाऱ्याच्या जागी तुझं नाव. रोज, अकरा वर्षं. म्हणजे खरी टेप तू नेत होतीस. माझ्या पिशवीत जी जायची, तिची कुणालाच गरज नव्हती.

यादीची पहिली तारीख बघितली आणि मी बोटांवर वर्षं मोजली. तेव्हा लेक पाच वर्षांची होती. कानाला यंत्र लागून वर्ष झालं होतं आणि बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे एकच वेळ शिल्लक होती, रोज सव्वासहा. आमचे हे कायम फिरतीवर. मी मोठ्या कष्टाने तुझ्या टेबलापाशी येऊन विचारलं की रोज दोन तास लवकर निघाले तर चालेल का. तू मान वर न करता म्हणालीस, नियमात बसत नाही. त्या क्षणी मी तुला मनातून काढून टाकलं. आणि आठवड्याच्या आत फळ्यावर टंकलेला कागद लागला, सर्व संबंधितांसाठी: आगीचा धोका लक्षात घेता टेप रोज साडेपाचला इमारतीबाहेर, कर्मचाऱ्याच्या घरी गेलीच पाहिजे, आणि न्यायची जबाबदारी माझी. मला दोनच गोष्टी सुचल्या. एक, तू मला हमाल केलंस. दोन, देव मात्र दयाळू आहे, आयतीच वेळ जुळून आली. रविवारी चर्चमध्ये जाऊन मी शाळकरी सवयीने मेणबत्तीसुद्धा लावली. श्रेय थेट वर पाठवलं. तुझ्या टेबलाकडे बघितलंही नाही.

नियम मोडणं तुला जमणारं नव्हतं. म्हणून तू नवा केलास. माझ्यासाठी, आणि मला उपकार वाटू नयेत असा. आणि त्याची भरपाई रोज आठपर्यंत बसून स्वतःच्या वेळातून केलीस, कारण कंपनीचंही नुकसान तुला चाललं नसतं. लेक वसतिगृहात गेली त्याच महिन्यात नियम बदलला, टेप आठला शिपायाकडे. तेव्हा मी घरी येऊन रडले होते, की आता एवढ्याही लायकीची ठेवली नाही. वेडी ती वेडीच.

एका शब्दाने सांगितलं असतंस तर? त्या समारंभात तुझ्या हातात माईक माझ्यानंतर आला होता. तू सगळ्यांचे आभार मानलेस, माझेही, आणि बसलीस. मी ते आठवून आठवून झोपायला जाते. ढगवालीने अहवालातलं ते पान काढून टाकलं. ती यादी मात्र नको त्या नोंदींत जाऊन पुसली जाणार होती. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तीही क्लाउडवर गेली. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, कामाची आहे.

आता हे पत्र का लिहितेय ते. लेकीला सगळं सांगितलं. तिने तिच्या बोलण्यासाठी माझे आभार किती वेळा मानलेत, आणि मी ते किती आरामात घेतलेत. सगळं ऐकून ती म्हणाली, “आई, मला मावशीशी बोलायचंय. मी स्वतः बोलणार.” ती सगळं बोलते गं, थोडं जाड, थोडं सावकाश, पण सगळं. फक्त फोनवर तिला जमत नाही, समोरच्याचे ओठ दिसावे लागतात. म्हणून तिला तुझ्यासमोर बसायचं आहे. पुढच्या रविवारी सकाळी घेऊन येऊ का? माफी मी मागेनच, पण ती नंतर, तुला वाटेल तेव्हा. त्या दिवशी मी गप्प बसेन. तू फक्त उजेडाकडे तोंड करून बस, म्हणजे तिला नीट दिसेल.

तुझीच,
डाग