पाचोऱ्याचा बरोबरीचा सामना

जळगाव, माघ वद्य तृतीया, १९५५

हुतुतूच्या स्पर्धेला धुळ्याला कोणता संघ जाणार, हे शेकडेवारीवर ठरायचं आणि ती काढायचं काम माझं. यावल सातांपैकी पाच सामने जिंकलं, म्हणजे एकाहत्तर. पाचोरा पाचांपैकी तीन जिंकला, एक हरला, एक बरोबरीत. बरोबरीला अर्धा विजय धरला की सत्तर. पाचोरा बाद.

पण नेमका तोच सामना! शेवटच्या चढाईत पाचोऱ्याचा दगडू 'हुतुतू' म्हणत समोरच्यांच्या अंगणात कोसळला आणि तिथेच गेला. गुण सारखे होते म्हणून पंचांनी बरोबरी दिली.

संध्याकाळी दगडूचा थोरला भाऊ आला. मी हिशेब सांगत होतो, तेवढ्यात समोरच्या रिकाम्या मैदानातून हुतुतूचा आवाज आला. एकाच दमात, कुठे न तुटता. त्यालाही ऐकू आलं असावं.

"तो आजून रेघवर परत उना नही, भाऊ," तो हळूच म्हणाला. "डाव संपना नही, मंग बरोबरी कशी?"

मी तो सामनाच वगळला. चारांपैकी तीन, पंचाहत्तर. पाचोरा धुळ्याला जाईल.

हे न्यायाने केलं की भीतीने? माझं मलाच सांगता येत नाही.