तळघरातली लाकडी जमीन

३ ऑगस्ट, सकाळी ८
निर्णय झाला. तळघराची वाईन सेलर करायची. बाटल्या सध्या अकरा आहेत, पण सगळे मोठे संग्रह असेच सुरू होतात. मीटर लावून पाहिला. हवेतला ओलावा ८४ टक्के. वाईनच्या पुस्तकात ७० पुरे म्हटलंय. म्हणजे आपलं तळघर पुस्तकाच्याही पुढे!
हिची एकच अट. अठ्ठावीसला साडू येतोय, तोवर सेलर तयार हवी. नाहीतर वॉशिंग मशीन खाली जाणार आणि विषय कायमचा बंद. मशीन सहा वर्षं स्वयंपाकघरात आहे. ते कपडे पिळायला लागलं की कपबशा नाचतात, आणि ही माझ्याकडे बघते.
साडू वाईनबद्दल डोळे मिटून बोलतो. यंदा मी मिटणार. उरलीय फक्त जमीन. दोन दिवसांचं काम.

५ ऑगस्ट
फरशीवाला आला. खाली बसला, जमिनीला तळवा लावला आणि हात पँटला पुसला. टाइल लावा म्हणे. मी म्हटलं, टाइल बाथरूमला. सेलरला लाकूड. लाकूड इथे फुगेल म्हणे. मग मी हुकमाचा एक्का काढला: वाईन मुरते कशात? लाकडी पिंपात! त्यावर म्हणतो, पिंप फुगतं म्हणूनच गळत नाही साहेब, पण तुमची जमीन फुगली तर जाणार कुठे?
उद्धट माणूस.
जाताना टेस्ट सांगून गेला. प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारी बाजूंनी चिकटवायचा, दोन दिवस ठेवायचा. खालून थेंब धरले तर लाकडाचं नाव काढायचं नाही.

८ ऑगस्ट
थेंब आहेत. प्लास्टिक हलक्या प्रतीचं निघालं. नवीन आणलं.

१० ऑगस्ट
थेंब. मोठे. जागा चुकली असणार.

१३ ऑगस्ट
जागा बदलली. वर, बैठकीच्या खोलीत. एकही थेंब नाही! घर एकच, पाया एकच. टेस्ट पास.

१६ ऑगस्ट
लाकूड आलं. फरशीवाला येत नाही, पाठ दुखते म्हणे. बरंच झालं. स्वतः बसवतोय. माहितीपत्रकात भिंतीलगत बोटभर फट ठेवायला सांगितलीय. फट ठेवतात ते आळशी लोक. मी प्रत्येक फळी भिंतीला भिडवली. शेवटची हातोडीने ठोकून बसवली. केसही जाणार नाही.

१९ ऑगस्ट
काम फत्ते. ही चपला काढून दोन फेऱ्या मारून गेली. छान झालंय म्हणाली. लग्नानंतर माझ्या हातच्या कामाला ती पहिल्यांदाच छान म्हणाली. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं.

२३ ऑगस्ट
चालताना पायाखाली किंचित स्प्रिंगसारखं लागतं. भारी जमिनी अशाच असतात.

२५ ऑगस्ट
मधोमध जरा उंचवटा. नैसर्गिक. दार आत उघडताना घासतं. चोरांना त्रास होईल.

२७ ऑगस्ट
दार बाहेरून दोन्ही हातांनी ओढून घेतलं. घट्ट बसलंय. आता उद्या थेट साडूसमोर उघडायचं.

२८ ऑगस्ट, संध्याकाळी
उघडलं नाही.
मी ढकललं. साडूने ढकललं. दोघांनी मिळून ढकललं. मग साडूने फटीला नाक लावलं, डोळे मिटले आणि म्हणाला, ओलं लाकूड, थोडी बुरशी. ही इतकी हसली की पायरीवर बसली.
तिने फरशीवाल्याला फोन केला. त्याची पाठ तेवढ्यात बरी झाली. दाराचा खालचा भाग करवतीने कापून तो आत शिरला. जमीन मध्ये तंबूसारखी उभी होती. 'आता गेली कुठे' असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

४ सप्टेंबर
तळघरात टाइल बसली. रंग तुम्हीच निवडा, असं ही म्हणाली होती. मी राखाडी निवडला. पांढरी बसलीय.
मशीन खाली गेलं. कपबशा गप्प आहेत. त्यांच्या शेजारी माझ्या अकरा बाटल्या. खाली बाटल्यांसाठी आणलेल्या रॅकवर मोजे वाळत घातलेत. वाळत नाहीत.
फळ्यांचा एक खोका न उघडता राहिला होता. फरशीवाला हिला म्हणाला, तो बैठकीच्या खोलीत वापरा, तिथे ओल अजिबात नाही. ही म्हणाली, किती कळतं हो तुम्हाला.
हे मी तेरा ऑगस्टलाच सिद्ध केलं होतं.