वाघदेवावर ठेवलेला हात

निफाड,
५ ऑक्टोबर २००३

प्रिय झिपरू,

अकरा वर्षांत तुला साधं पोस्टकार्ड टाकलं नाही, आणि आज एकदम चार पानं लिहायला बसलोय. तुला वाचता येत नाही, म्हणजे हे तुझी मीनाच वाचून दाखवणार. मीना, पोरी, एक अक्षर गाळायचं नाही आणि मध्ये थांबायचं नाही. चौथीत कविता म्हणताना थांबायचीस तशी तर मुळीच नाही.

गेल्या महिन्यात ती माझ्याकडे येऊन गेली, हे तिनं सांगितलंच असेल. नर्सिंगच्या फॉर्मला जोडायच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकली होती. चूक अर्थातच माझ्या हातची. आमच्या हिनं तिला आग्रहानं जेवायला बसवलं. तुझ्यासारखीच मान खाली घालून जेवते. जेवता जेवता सहज बोलल्यासारखं म्हणाली, की पेठकडचं स्थळ ठरत आलं होतं, ते मोडलं. मुलाच्या चुलत्यानं विचारलं म्हणे, देवाच्या रानात कोयता चालवला ते हेच घर ना? मी हातातला घास परत ताटात ठेवला. हिला वाटलं, भाजी तिखट झाली.

मीना तेव्हा लहान होती, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुमच्या पाड्यावर मास्तर म्हणून आलो तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि डोक्यात नुसती हवा. पंचवटीत वाढलेला मी. घाटावर एका यजमानासाठी तिघं भटजी एकमेकांचे सदरे ओढताना बघत मोठा झालो, त्यामुळे देव म्हणजे दुकान, एवढीच माझी समजूत. वर चार पुस्तकं वाचलेली, दोन शिबिरं केलेली. मग काय विचारता! शिवेवरच्या तुमच्या वाघदेवाला मी शेंदूर फासलेली फळी म्हणायचो. तुझ्या तोंडावर म्हणायचो, आणि तू हसायचास. एकदा मी फारच पिच्छा पुरवला, की काय देतो रे तुझा देव तुला? तेव्हा तू म्हणालास, "गुरुजी, वाघ्या काय देत नाय. त्यो हाय म्हणून हात आवरतो." मला ते अडाणी माणसाचं बोलणं वाटलं. वादात तुला गारद केलं म्हणून खुशीत येऊन मी तुला चहा पाजला होता.

आणि मग माझ्या खाटेचा पाय मोडला. कप्पाळ माझं, एवढ्याशा गोष्टीवरून हे सगळं! पाड्यात कुणालाही सांगितलं असतं, तर घरचा वासा काढून दिला असता. पण मला वाघदेवामागच्या रानातलाच सरळसोट कोवळा साग दिसला. जिथून वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही, तिथलाच. मनाला म्हटलं, हा प्रयोग आहे, बघू देव काय करतो. प्रयोग असता तर चारचौघांत केला असता. मी भर दुपारी गेलो, सगळा पाडा नागलीच्या शेतात असताना. साग आडवा झाला आणि मागे तू उभा. बैल चुकला म्हणून शोधत आला होतास. तू ओरडला नाहीस. तुझा चेहरा उतरला आणि म्हणालास, "तुमाला काय झालं म्हंजे, गुरुजी?" तुला माझीच काळजी. आणि मला कसली, तर नोकरीची. मी तुझा दंड धरून म्हटलं, झिपरू, वाघदेवाची शपथ आहे, मेलास तरी कुणाला सांगायचं नाही. बघ, देव न मानणाऱ्या मला तुझं तोंड बांधायला देवच सापडला.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला सगळे वाघदेव पुजायला शिवेवर जमले आणि सहादूबाबांना रानात तोडलेल्या सागाचा खुंट दिसला. पाड्याचे कारभारी म्हणून त्यांनी एकेका घरच्या माणसाला पुढं बोलावलं. वाघदेवावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, मी तोडलं नाही, कोणी तोडलं ते मला ठाऊक नाही. गुरुजींना कशाला, असं कुणीतरी म्हणालंही. पण मीच ऐटीत पुढं झालो आणि शाळेत प्रतिज्ञा सांगावी तशा खणखणीत आवाजात दोन्ही वाक्यं म्हटली. लाकडाला हात लावून लाकडाबद्दल खोटं बोललो, त्यात काय एवढं, असं वाटलं मला. मग तुझी पाळी आली. तुझा हात फळीजवळ गेला आणि तिथंच थांबला. पहिलं वाक्य तुझं खरं होतं, पण दुसरं म्हणता येईना. एकच म्हटलं असतंस, तर मग कोण ते सांग, असं विचारलं असतं सगळ्यांनी. तू हात मागे घेतलास. माझ्याकडे एकदा बघितलंस. रागानं नाही रे. मी बोलेन म्हणून वाट बघत होतास, आणि मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो.

तुझ्याकडून दंडाचं बकरं घेतलं. वाघदेवाला पहिला शेंदूर लावायचा तुमच्या घराचा मान गेला, तो सहादूबाबांच्या घराकडे. तुझी बायको पुतळाबाई झऱ्यावर आली की बायका आपले हंडे बाजूला ओढायच्या, हे मी शाळेच्या ओट्यावरून रोज बघायचो. बघायचो आणि पोरांना खरं बोलावं हा धडा शिकवायचो. जूनमध्ये माझी बदली झाली, तेव्हा ती खाट तूच डोक्यावर घेऊन एस्टीपर्यंत आणलीस. नव्या पायासकट. टपावर चढवून दोरीनं बांधलीस आणि म्हणालास, "संभाळून जावा."

मी आजही देव मानत नाही, झिपरू. वय वाढलं म्हणून देवळात जायला लागलो असं समजू नकोस. पण इतकी वर्षं मला वाटायचं, तुझा देव म्हणजे तुझी भीती. भीती असती तर तू पटकन माझं नाव घेऊन मोकळा झाला असतास. भ्यालो होतो तो मी. देव नाही म्हणणाऱ्यानं माणसापुढं तरी खरं बोलावं, नाहीतर त्याच्या नास्तिकपणाला काय चाटायचंय? शरम वाटते मला, दुसरा शब्द नाही.

आता पुढचं वाच, मीना, थांबू नकोस. त्या दिवशी निघताना, दारात चपला घालता घालता, तू मला विचारलंस, "गुरुजी, बाबांनी खरंच तोडलं होतं का? ते काहीच बोलत नाहीत." आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणालो, मला ठाऊक नाही. अकरा वर्षांनी पुन्हा तेच वाक्य. तू मान हलवलीस आणि गेलीस, आणि त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. झिपरू, या वाघबारशीला मी दुपारच्या एस्टीनं येतोय, सगळ्या पाड्यासमोर सांगायला. पण माझा मलाच भरवसा नाही. आयत्या वेळी कच खाल्ली आणि मी आलो नाही, तर मीनानं हे पत्र सहादूबाबांपुढं मोठ्यानं वाचायचं. शपथ घालणाऱ्यानंच ती सोडवायची असते, म्हणून सहीनिशी लिहून देतो. शपथ सुटली, झिपरू. माझी वाट बघू नकोस, बोल.

तुझाच म्हणायला तोंड नाही, तरी तुझाच,
दिनेश