बाकावरची चिलटं

३ जून

चि. चिलट्यास,
अनेक आशीर्वाद.

सोबत दोन बाटल्या पाठवते आहे. दोन्हींत स्पिरिट आहे आणि दोन्हींत तुझे सगेसोयरे. लहानपणी आम्ही तुला या नावानं चिडवायचो; त्याच चिलटांचा अभ्यास करून तू पोट भरशील असं कुणाला वाटलं होतं?

पहिल्या बाटलीतली आपल्या व्हिनेगरच्या पिंपांच्या खोलीतली आहेत. एका गिऱ्हाइकाला आपल्या व्हिनेगरमध्ये चिलट सापडलं, तेव्हापासून प्रत्येक पिंपाच्या तोंडाला फडकं बांधते, तरी मेली कुठून तरी शिरतातच. दुसऱ्या बाटलीतली बागेतली. आई गेल्यापासून अण्णा रोज संध्याकाळी मागच्या झाडाखाली बाकावर जाऊन बसतात. तिथं व्हिनेगरचा वासही पोचत नाही, तरी ही त्यांच्या तोंडासमोर घोंघावत असतात.

आता खरी काळजी सांगते. अण्णांचं डोकं ठिकाणावर नाही असं वाटायला लागलंय. उजव्या डोळ्यात कोणीतरी चालतं म्हणतात. काल जेवता जेवता चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, बघ, आत्ता या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलं. मी हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत. तुझे भावजी म्हणतात, एकटेपणा डोक्यात गेलाय, दुसरं काही नाही.

तुझं मत कळव. खातोस ना नीट? माया आहे ती आहेच, पाणी घालून पातळ करू नकोस.

तुझी
ताई


१० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तातडीच्या टपालानं पाठवतो आहे. वाचून झालं की लगेच अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. कारण खाली लिहितो, पण आधी निघ.

तुला सगळी चिलटं सारखीच दिसतात, त्यात तुझी चूक नाही. या एका कुळात चार हजारांवर जाती आहेत. कुणी आंबलेल्या फळांवर जगतं, कुणी कुत्र्याच्या छत्रीवर, कुणी फुलांत, कुणी झाडाच्या चिकावर. काही जाती तर इतक्या सारख्या, की नराचं शेपटाकडचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय आम्हालाही कळत नाहीत. तुझ्या पिंपांवरची नेहमीचीच आहेत : लाल डोळे, नराच्या पुढच्या पायावर काळा कंगवा. त्यांच्यापासून फक्त तुझ्या धंद्याला त्रास.

दुसरी बाटली उघडली आणि मी खुर्चीवर मागे सरकलो. ही कुळाच्या दुसऱ्याच शाखेतली. करडी, ठिपक्यांची, पायांवर काळे पट्टे. आणि एकूण एक नर. यांचे नर माणसाजनावरांच्या डोळ्यांपाशी येतात आणि डोळ्यांतलं पाणी पितात. पिताना कधी कधी एक बारीक जंत डोळ्यात सोडून जातात. तो पापणीखाली वाढतो. चालतो.

अण्णांना वेडं ठरवू नका. भावजींनाही सांग.

तुझा धाक पूर्वीइतकाच आहे, मायाही तेवढीच राहू दे.

तुझा
धाकटा


१९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आज तुला त्या नावानं हाक मारवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून डोळा बधिर केला, पापणी उलटली आणि बोलता बोलता थांबल्या. मग चिमट्यानं एक पांढरा दोरा ओढला. नखाएवढाच, पण बशीत पडल्यावर त्यानं वेटोळं घातलं. आतून आणखी दोन निघाले. वेळेत आणलंत म्हणाल्या, नजर शाबूत आहे. तुझ्या भावजींनी अण्णांच्या चपला स्वतः पुढे आणून ठेवल्या.

अण्णांनी बशी मागून घेतली आणि कितीतरी वेळ बघत राहिले. परत येताना मला म्हणाले, एक गोष्ट मी खरी सांगत होतो, हे पटलं ना, मग दुसरीही पटेल. दुसरी कोणती, विचारलं, तर म्हणाले, आधी घरी चल.

त्यांना घरातच ठेवलंय, खिडक्यांना जाळ्या मारल्यात. चिलटांना आता तिथं कुणाचे डोळे मिळणार नाहीत, म्हणून मी काल पानं झाडायला बाकाकडे गेले. चिलटं होती. इकडेतिकडे नाही. रिकाम्या बाकावर, बसलेल्या माणसाचे डोळे जिथं येतील तिथं, दोन ठिकाणी, शेजारी शेजारी. मी खराटा टाकून आत आले.

तुझ्या शास्त्रात याला काही नाव असेल तर लवकर कळव. जीव थाऱ्यावर नाही, तेवढा सांभाळून घे.

तुझी
ताई


२७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झाडाच्या चिकाला ती येतात, पण चीक खोडाला असतो, हवेत नाही. इथल्या मोठ्या सरांनाही विचारलं. ते म्हणाले, बाईंची बघण्यात चूक झाली असेल. तुझी नजर मला ठाऊक आहे, म्हणून मी मान डोलावली नाही. जमलं तर जाळी फिरवून थोडी पकडून पाठव. आणि अण्णांना विचार.

काळजी घे. माझ्यावर आहे तेवढी छाया असू दे.

तुझा
चिलट्या


१२ जुलै

चि. चिलट्यास,
अनेक आशीर्वाद.

जाळी घेऊन गेले होते. हात उचलला आणि वाटलं, मी कुणाच्या तरी तोंडावर मारते आहे. तशीच परतले.

अण्णांना विचारलं. ते म्हणाले, तुझी आई तिथं येऊन बसते आणि रडते. बोलत नाही. तिला एकटी कशी सोडू, म्हणून मी जात होतो. हे त्यांनी दूध उतू गेल्याचं सांगावं इतक्या साध्या आवाजात सांगितलं.

डॉक्टरीणबाईंकडून चारी बाजूंनी बंद असलेला चष्मा आणला, तो त्यांना घट्ट बसवला, आणि काल संध्याकाळी मीच त्यांना बाकापर्यंत सोडलं. दारात उभी राहून बघत होते. ते बाकाच्या कडेला बसले. चिलटं त्यांच्याकडे फिरकलीसुद्धा नाहीत, शेजारच्या रिकाम्या जागेवरच घोंघावत राहिली. थोड्या वेळानं अण्णांनी खिशातून रुमाल काढला, शेजारी धरला आणि हळूहळू टिपल्यासारखा हात फिरवला. चिलटं उठली, झाडात गेली आणि परत आली नाहीत.

आत आल्यावर रुमाल धुवायला मागून घेतला. सकाळी मीच इस्त्री करून दिलेला. पिळता येईल इतका ओला होता. चष्मा अजून त्यांच्या डोळ्यांवर तसाच घट्ट होता.

तुझ्या बाटल्या, तुझे कंगवे, सगळं जरा बाजूला ठेव आणि एकदा येऊन जा. आई कुणाची वाट बघत रडते, हे मी अण्णांना विचारलेलं नाही.

तुझी
ताई