न चाखलेली भाजी

ता. ३० ऑगस्ट १९३३
डॉक्टरांनी विचारले, सूनबाईंनी काय खाल्ले, किती खाल्ले, उलट्या केव्हा सुरू झाल्या. मला धड सांगता आले नाही. घाबरून भलतेच बोलले. म्हणून लिहून ठेवत आहे.
काल गौरी जेवल्या. नैवेद्यात परसातल्या विलायती भोपळीची भाजी. काकडीसारखी हिरवी, वीतभर झाली की कोवळीच तोडायची. बी मीच गेल्या वर्षीच्या फळांतून धरले होते. नैवेद्याची म्हणून चाखली नाही. झाली थोडीच. एक वाटी शेजारी नरसव्वाकडे, उरलेली सगळी सुशीलाच्या पानात. मीच वाढली. मला राहिली नाही.
दिवेलागणीपासून सुशीलाला उलट्या, मग जुलाब. सहावा महिना आहे.
लेकाला, मधूला, मद्रासला तार केली. "प्रकृती बरी नाही" एवढेच. जास्त लिहायचा धीर झाला नाही.
आज गौरी बोळवल्या, कशातरी.

ता. ३१
उलट्या थांबल्या. जुलाब आहेत. साखर-मिठाचे पाणी चमच्या चमच्याने. हात गार.
नरसव्वा वाटी परत द्यायला आली. हातमाग सोडून आली होती, केसांत सुताचा कापूस. वाटीत गुळाचा खडा.
"बाई, लई कडू हुती की वो भाजी! एक घास घेतला अन् थुंकला. शेळीपुढं टाकली, तर शेळीबी माझ्याकडंच बगाय लागली."
परवाच का नाही सांगितलेस?
"विलायती म्हनला हुता की तुमी. म्हनलं, सायेब लोक असलंच खात असतील. म्हनून तर तोंडं तसली असत्यात त्येंची."
एरवी हसले असते.
सुशीलाला विचारले, कडू लागली होती का? "हो." मग खाल्लीस कशाला? भिंतीकडे बघत, "पानात टाकलेलं तुम्हाला चालत नाही."
डॉक्टरांनी विचारले, पोटात हालचाल जाणवते का? तिने आधी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "हो."
ते पाहणे. हा "हो" खरा की मला बरे वाटावे म्हणून?

ता. १ सप्टेंबर
परसात गेले. वेल इतका निरोगी की बघवेना. पाने सुपाएवढी, भुरी नाही, कीड नाही. शेणखत, राख, पाणी फक्त बुडाशी, पानांवर थेंब नाही. येईल त्याला मिरवून दाखवत होते.
एक फळ कापले, चकती जिभेवर ठेवली. डोळ्यांत पाणी आले. चार चुळा भरल्या तरी कडूपणा जाईना. आणि तिने पानातली सगळी गिळली. शेवटी पान पुसून घेतले होते, ते मला आठवते. बरे वाटले होते मला.
गेल्या वर्षी कुंपणावर शोभेचे चिमुकले पिवळे भोपळे लावले होते. विलायती भोपळीसारखेच तेही पुण्याहून आणलेल्या बियांचे. मधमाश्या दोन्हींकडे जायच्या, तिकडचे पराग इकडे. फळ तेव्हा गोड लागले, पण बियांत कडूपणा उतरला असणार. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली मी. हे एकदाही मनात आले नाही.
वेल उपटला. दोन फळे डॉक्टरांना दाखवायला ठेवली, बाकी पुरली. शेळ्या उकरतील म्हणून वर दगड.

ता. २
जुलाब कमी. "बरं वाटतंय ना?" "हो, सासूबाई." पाणी हवे? "नको." बाहेर येऊन दाराआड उभी राहिले, तर आतून भांड्याचा आवाज. घटाघटा पीत होती.
डॉक्टरांना म्हटले, मी खोलीत नसताना विचारा. ओसरीवर उभी राहिले. मी शिकवत होते त्या शाळेत इन्स्पेक्टर येत, तेव्हाही अशी धास्ती कधी वाटली नाही.
डॉक्टर बाहेर आले. पोटावर नळी लावून पाहिली म्हणे. "ठोके लागल्यासारखे वाटतात. पुन्हा बघू."
लागल्यासारखे.
हालचालीचे काय म्हणाली? "नक्की सांगता येत नाही म्हणाली. आणि बाई, तिला माहेरी जायचंय."
मला म्हणाली नाही.
कुर्डुवाडीला व्याह्यांना तार केली.

ता. ४
डॉक्टरांनी परवानगी दिली. गाडीत आडवे पडून जायचे, तिथल्या डॉक्टरांना लगेच दाखवायचे. व्याही सकाळी आले. सरळ सुशीलाच्या खोलीत गेले. मला रागावले असते तर बरे.
टांग्यात बसण्याआधी तिला म्हटले, कडू लागले तर थुंकायचे. समोर कोणीही असो. मी असले तरी.
"बरं, सासूबाई." पुन्हा तेच.
व्याह्यांच्या हवाली केले: सुशीला. तिची ट्रंक. औषधाची बाटली, अर्धी. डॉक्टरांची चिठ्ठी. पाण्याचा फिरकीचा तांब्या. मऊ भात, पुरचुंडीत, मी चाखून बांधलेला.
डॉक्टरांच्या हवाली: दोन फळे, बियांची बाटली, सगळी.
कोठीची किल्ली सुशीलाने कमरेची काढून माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. म्हटले, राहू दे तुझ्याकडेच. ती "बरं" म्हणाली आणि पाणी प्यायला म्हणून एकदा आत जाऊन आली.
किल्ली बरोबर नेली की कोनाड्यात ठेवून गेली, अजून पाहिलेले नाही.