माशी दिसत नाही

५ जानेवारी १९६९, रविवार

रायफल क्लबवर वर्षाची पहिली प्रॅक्टिस. दहा गोळ्या. सहा बोर्डावर, चार मातीत. मोजायला बोर्डापर्यंत चालत जायची मला गरज नाही. फळीला लागली की टक्, मागच्या बांधात घुसली की भद्. उद्यमनगरात वीस वर्षं ऑईल इंजिनं ऐकून हा कान कमावलाय. आज भद् फार झालं. शिसारी आली.

दोष उघड आहे. माशी दिसत नाही. गेल्या वर्षी दिसत होती. रायफल तीच, सरकारी कारखान्याची तीनशे पंधरा बोरची. म्हणजे माशी झिजली. लोखंड आहे, झिजणारच.

घरी आल्यावर सौ.ला एवढंच म्हणालो की माशी दिसत नाही. ती म्हणाली, गुळाचं दिवस, घरभर माश्या घोंगावत्यात, आणि तुमास्नी एकबी दिसंना व्हय. मग बसवून समजावलं. नळीच्या टोकावर मणी असतो, त्याला माशी म्हणतात. अलीकडं एक खाच असते. खाचेत माशी धरायची, माशीवर बोर्डाचा काळा गोल टेकवायचा, की झाला नेम. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग हल्ली पेपर हात लांब करून का वाचता? इथं पेपरचा संबंध काय? लांब धरला की उजेड पडतो म्हणून धरतो. बायकोशी मशिनरीवर बोलायचं नाही, हा ह्या वर्षीचा पहिला संकल्प.

दुसरा संकल्प साईट, म्हणजे ही माशी आणि खाच, बदलण्याचा. ९ मार्चला सिलेक्शन आहे, त्यानंतर बेळगावच्या क्लबशी मॅच. टीम चार जणांची. अकरा वर्षं त्यातला एक मी आहे. राधानगरीच्या बाजूनं अनवाणी आलो तेव्हा मला ह्या गावात कोण ओळखत नव्हतं. वर्कशॉपमुळं ओळखायला लागले, टीममुळं मान द्यायला लागले. ती जागा सोडायची नाही.

यंदा आकाराम उभा राहतोय. माझ्याकडं नऊ वर्षं फिटर होता, आता माझ्याच समोर लेथ टाकून बसलाय. स्वतःची रायफल नाही, क्लबचं जुनं धूड घेऊन उडवतो. आणि म्हणे टीम.

८ जानेवारी

सौ.च्या पानाच्या डब्यातला चुना काडीनं माशीला लावला. झकास पांढरी झाली. टार्गेटचा कागदही पांढरा. पांढऱ्यात पांढरी गेली, पत्ता लागेना.

९ जानेवारी

चुना पुसून कंदिलाची काजळी लावली. आता ती काळ्या गोलात बुडाली.

१२ जानेवारी, रविवार

पाच टक्, पाच भद्. पाठीमागं कुणीतरी हळूच म्हणालं, अण्णा आज सकाळपास्नं माश्या मारत बसल्यात. माझ्या कानाला चाळीस पावलांवरचं ऐकू येतं हे लोकांना माहीत नाही. वळून बघितलं नाही. शिकलेली माणसं आणि ही भाषा.

१६ जानेवारी

वर्कशॉपात स्वतः लेथवर उभा राहून नवी माशी काढली. पितळेची. जुनी मुगाएवढी होती, ही हरभऱ्याएवढी केली. जुनी फेकून दिली. आता लख्ख दिसते. इतके दिवस हा साधा उपाय कारखान्याच्या इंजिनिअरांना सुचू नये, ह्याची कीव आली.

१९ जानेवारी, रविवार

हरभऱ्यानं गोल पूर्ण झाकला. माशी दिसते, टार्गेट दिसत नाही. आठ भद्.

२५ जानेवारी

पीप साईट केली. म्हणजे खाच काढून तिथं बारीक भोकाची चकती बसवायची आणि भोकातून नेम धरायचा. बारीक पाहिजे म्हणतात, म्हणून सगळ्यात बारीक ड्रिल लावलं. भोकातून फक्त भोक दिसतं. चकती काढून भंगारात टाकली. ओपन साईट, पीप साईट, सगळ्या प्रकाराचा वीट आला.

२ फेब्रुवारी, रविवार

आज मात्र कानानं इमान राखलं. नेम धरून झाल्यावर तट्ट्याआड पाणी पीत उभा होतो. पलीकडं आमचे सेक्रेटरी बाळासो (कोर्टात कारकून आहेत, बोलणं जपून) आकारामला सांगत होते, अण्णास्नी नंबर लागणार, लिहून देतो. दोनचा तरी लागतोयच.

आकाराम म्हणाला, पर त्यास्नी सांगायचं कुणी?

बाळासो म्हणाले, तू सांग की, तुझंच मालक हाईत.

आकाराम म्हणाला, नगं बाबा, माझ्यावरच नेम धरतील.

म्हणजे ठरलंय. टीममध्ये मी दोन नंबरला. पहिला कुणाला ठेवलाय तेवढं कळलं नाही. निकाल आधी फुटू नये म्हणून गप्प आहेत, बरोबरच आहे. तरीपण साईटचं काम तडीला न्यायचं. दोन नंबरच्या माणसानं दोन नंबरला शोभेल असं मारलं पाहिजे.

जाताना बाळासोंनी मॅचच्या नियमांचा कागद दिला. सायक्लोस्टाईल केलेला. शाई भिकार, अक्षरं म्हणजे मुंग्या. वाचून सही करा म्हणाले. सही केली. अकरा वर्षं तेच नियम आहेत.

१० फेब्रुवारी

चंदगडचा कृष्णात इंजिनाचा पिस्टन घ्यायला आला होता. काजूचा धंदा करतो, गोव्याला येणं-जाणं. सहज साईटचा विषय निघाला. म्हणाला, अण्णा, ह्या माशीबिशीच्या नादाला लागूच नगासा, सरळ दुर्बीण चढवा. एका पोर्तुगीज साहेबानं जाताना विकलेल्या तीन जर्मन दुर्बिणी त्याच्या पाव्हण्याकडं पडून आहेत. मागवून ठेवतो म्हणाला. एवढी सरळ गोष्ट पाच आठवडे मला कुणी सांगितली नव्हती. सगळे जळतात.

१५ फेब्रुवारी

पहाटेच्या एस.टी.नं चंदगड. रस्ता असा की पोटातलं ओठात आलं.

कृष्णातनं काजूच्या पोत्यावर तिन्ही दुर्बिणी मांडल्या. एक चारपट मोठं दाखवणारी, एक सहापट, एक दहापट. म्हणाला, पावणं, शंभर यार्डाला चारपट बास. मोठी घेतलासा तर हात हलला की डोंगर हलतोय. आणि ह्या चारपटीची काच बघा, फुलीची रेघ किती बारीक हाय.

काचेबद्दल काजूवाल्यानं मला सांगायचं. मी तिन्ही एकेक करून कानाशी धरून हलवल्या. चारपटीतून किंचित किणकिण आली. सहापटीत स्क्रू ढिला. दहापट मुकी, आणि वजनाला इतकी दणकट की खलबत्त्यातला बत्ता वाटावा. तीच घेतली. दुर्बीण डोळ्यानं निवडायची नसते, हे किती लोकांना कळतं?

समोरच्या टेकडीवरच्या देवळाचा झेंडा बघितला. झेंड्याची शिवण दिसली, टाके दिसले. म्हणजे माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. पेपरवाल्यांनीच शाई पातळ केली आहे.

१९ फेब्रुवारी

दुर्बीण चढवली. क्लॅम्प स्वतः केले. कृष्णातनं निघताना बजावलं होतं की डोळ्यापास्नं चार बोटं लांब ठेवा. मी एकच बोट लांब ठेवली. जितकी जवळ तितकं जास्त दिसतं, ह्यात शंका घेण्यासारखं काही नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिली गोळी. टक्. इतका गोड टक् वर्षभरात ऐकला नव्हता. त्याच क्षणी रायफलनं मागं धक्का दिला आणि दुर्बिणीची कडा उजव्या भुवईत बसली. चंद्रकोर उमटली. शर्ट भिजला.

आकाराम रुमाल घेऊन धावत आला. रुमाल दाबून धरला आणि म्हणाला, अण्णा, लई जवळ गेलासा, रायफलीनं मुका घेतला.

बाळासो टिंक्चरची बाटली घेऊन आले. भुवईला लावता लावता सांगितलं की तशीही दुर्बीण चालणार नाही. यंदा चौथा नियम नवीन घातलाय, फक्त ओपन साईट. मी म्हणालो, हे कधी ठरलं? त्यांनी माझी सही दाखवली. कागद हात लांब करून बघितला. सही माझीच. वरचं काय लिहिलंय त्याबद्दल मी अजूनही काही मान्य करत नाही.

सगळ्यांचा तिटकारा आला. क्लबचा, कागदाचा, जर्मनांचा.

२४ फेब्रुवारी

भुवई सुजली. सौ.नं हळद भरली. म्हणाली, बंदुकीवर एवढी नळकांडी चढवण्यापरास नाकावर एक काच चढवा की. पहिला संकल्प पाळला.

२ मार्च, रविवार

सिलेक्शनला आठवडा राहिला आणि रायफलला धड साईट नाही. स्वतःच्या वर्कशॉपात जुन्यासारखी माशी करायला घेतली तर कामगार तोंड लपवून हसणार. म्हणून रस्ता ओलांडून आकारामकडं गेलो. त्यानं जुनी माशी न बघता, आठवणीवर, हुबेहूब केली. खाचही बसवली. हात चांगला आहे. माझ्याकडंच शिकलाय.

काम झाल्यावर चिंधीला हात पुसत पुसत म्हणाला, अण्णा, रागावणार नसला तर एक सांगतो, तुमास्नी नंबर लागलाय.

मी म्हणालो, ठाऊक आहे. दुसरा.

तो बघतच राहिला. म्हणाला, दुसरा न्हवं ओ. दोनचा. चष्म्याचा.

महिनाभर मी दोन नंबरचा माणूस म्हणून छाती काढून हिंडत होतो. कासार गल्लीच्या कोपऱ्यावर दोघांना तर सांगूनही टाकलं होतं. लोकांनी बोलताना शब्द पूर्ण बोलावेत एवढी साधी अपेक्षा आहे.

५ मार्च

डोळ्यांचे डॉक्टर. सव्वादोन निघाला. कोर्टातल्या कारकुनाचा अंदाज पाव नंबरनंच चुकला, हे फार लागलं.

चष्मा जवळचं दिसण्यासाठी आहे, असं डॉक्टर म्हणाले. पुढंही काही सांगत होते, लांबचं म्हणून काहीतरी. पण तेवढ्यात खाली रस्त्यावर एक ट्रक चार नंबरच्या सिलिंडरवर मिस देत होता, माझं सगळं लक्ष तिकडं.

८ मार्च

चष्मा लावून रायफल घेतली. माशी दागिन्यासारखी दिसते. तिच्यावर आकारामची कानस फिरलेली रेघसुद्धा दिसते. आता अडचण उरलेली नाही. आकारामबद्दल थोडं वाईट वाटतंय, पण खेळ म्हणजे खेळ.

९ मार्च, रविवार. सिलेक्शन

मी तीन नंबरच्या बोर्डावर, आकाराम शेजारी चारवर. चष्मा लावला, आडवा झालो. माशी लख्ख. तिच्यापलीकडं पांढरे धब्बे आणि त्यांत काळे ठिपके, एकात एक मिसळलेले. एक ठिपका माशीवर टेकवला. दहा गोळ्या मारल्या. दहा टक्. एकही भद् नाही. उठलो, सगळ्यांशी शेकहँड केला, आकारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, पुढच्या वर्षी बघू.

बोर्ड आणले. तीन नंबर कोरा. धुऊन काढलेल्या धोतरासारखा. चार नंबरवर वीस भोकं.

मग आकारामच म्हणाला, ह्यातल्या मधल्या दहा अण्णांच्या. माझ्या इतक्या दाट पडत न्हाईत.

बाळासोंनी कागद उघडला. दुसऱ्याच्या बोर्डावरची गोळी शून्य धरावी. सही माझीच. आकारामला परत दहा गोळ्या दिल्या, त्यानं त्या मारल्या, आणि चौथी जागा त्याची झाली.

घरी येऊन सौ.ला म्हणालो, मधल्या दहा माझ्या होत्या. ती म्हणाली, जेवून घ्या.

१५ मार्च, शनिवार

उद्या बेळगाव. परवा आकाराम घरी आला होता. क्लबच्या रायफलचा बोल्ट अडकतोय, तुमची देता का म्हणाला. नाही म्हणायचं मी त्याला दारात बघितल्याबरोबर ठरवलं होतं. पण सौ.नं चहा आणला, तो मान खाली घालून चहा पीत बसला, आणि मी हो म्हणून गेलो.

आज बाळासो म्हणाले, रायफल एकटी राज्याबाहेर जाऊ शकत नाही, ज्याच्या नावावर लायसन तो सोबत पाहिजे. म्हणजे मला यावं लागेल. मी म्हणालो, बघतो, कामं फार आहेत. मग म्हणालो, येतो.

एस.टी.च्या जागांची यादी त्यांनी हातात दिली. चष्मा लावून वाचली. नेमबाज चार. सेक्रेटरी एक. काडतुसांची पेटी एक. आणि सगळ्यात खाली, मागच्या सीटवर, पेटीशेजारी: लायसन (अण्णा).