उलटा क्रम

३ मार्च
परीक्षणाला आलेला शोधनिबंध आज निकालात काढला. लेखकाचं नाव माझ्यापासून झाकलेलं, माझं त्याच्यापासून – नियमच तसा. म्हणणं काय, तर माझ्या पद्धतीने मेमरीतून माहिती आणली तरी प्रोसेसरचा वेग तसूभरही वाढत नाही! म्हणजे मी माझ्या निबंधात छापलेली तीस टक्के वाढ काय हवेतली? लिहून टाकलं – ‘लेखकाला साधं मोजमापही जमत नाही.’ लिहिताना मजा आली.

६ मार्च
व्याख्यानासाठी आकडे पुन्हा काढत होते. जुनी पद्धत आधी, मग माझी – नेहमीचा क्रम. आज घाईत उलटा झाला. तीस टक्के गायब!

चारदा करून पाहिलं. तेच. जुनी पद्धत सगळी माहिती प्रोसेसरजवळ आणून ठेवायची, आणि दोन चाचण्यांच्या मध्ये मी ती पुसतच नव्हते. पहिल्याने पाणी तापवायचं, दुसऱ्याने आयती आंघोळ उरकून ‘बघा, मी किती झटपट!’ म्हणायचं – असली माझी पद्धत. हे तर आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. 

७ मार्च
नवरा म्हणाला, ‘‘अगं, मग सांगून टाक. चूक कुणाची होत नाही?’’ त्याचं काय जातंय! दिवसभर त्याच्यावरच डाफरले.

९ मार्च
शेजारच्या टेबलावरचा शंकासुर – हे नाव मीच पाडलेलं – कॉफीच्या यंत्रापाशी भेटला. चेहरा पडलेला. ‘‘माझा निबंध परत आला गं. साधं मोजमापही जमत नाही म्हणे.’’

त्याचा होता तो! जूनमध्ये त्याचं कंत्राट संपतंय. निबंध नाही तर नोकरी नाही.

‘‘तू कशी मोजतेस, देशील?’’ माझा मोजमापाचा प्रोग्राम पाठवला. बघता बघता म्हणाला, ‘‘क्रम उलटा करून पाहिलायस कधी?’’

मी म्हणाले, ‘‘त्याने काय फरक पडतोय!’’

असं मी म्हणाले. मी.

१० मार्च
नाही सांगितलं.

११ मार्च
ठरलं. उद्या आधी शंकासुराला सांगायचं, मग विभागप्रमुख बाईंना. माझा निबंध मागे घ्यायचा. होऊ दे काय छी-थू व्हायची ती.

१२ मार्च
माझ्या आधीच येऊन बसला होता. खुशीत! ‘‘तीस टक्के आले गं! तुझ्याच क्रमाने चालवलं. परीक्षकाचं बरोबर होतं, मलाच मोजता येत नव्हतं. निष्कर्ष बदलून कालच पाठवला. शेवटी तुझे आभार मानलेत – नावासकट.’’